गाडे घडवणारा वाग्नर आणि ब्राझीलच्या पाळण्यातला वाग्नेर

मे २०२५ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात एकाच ब्राझिलियन चित्रपटाला दोन मोठे पुरस्कार मिळाले. सर्वोत्तम अभिनेता ठरले वाग्नेर मौरा आणि सर्वोत्तम दिग्दर्शक क्लेबेर मेंदोंसा फिल्यो. ब्राझीलमध्ये या दोन्ही नावांत कुणाला काही वेगळं जाणवत नाही. जर्मन माणूस मात्र ती ऐकताना क्षणभर अडखळतो, कारण त्याच्या लेखी वाग्नर आणि क्लेबर ही दोन्ही आडनावं आहेत. आपल्याकडे कुणी 'माझं नाव सुतार, आडनाव मोरे' असं सांगितलं तर आपणही असेच थबकू.

या लेखात मुख्यतः वाग्नरबद्दलच बोलू या, कारण जर्मन आडनावाचं बाळाचं नाव कसं होतं हे समजून घ्यायला इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. बाळाचं नाव म्हटलं की आपण मराठी माणसं आधी विचारतो, "अर्थ काय?" नावांच्या पुस्तकातही डावीकडे नाव आणि उजवीकडे अर्थ असतो. त्या हिशेबाने वाग्नरपुढे लिहायचं 'गाडे बनवणारा'. ते बरोबरच आहे. पण ब्राझीलच्या साओ पावलोतल्या किंवा साल्वादोरमधल्या ज्या आई-बापांनी मुलाचं नाव वाग्नेर ठेवलं, त्यांच्या मनात गाडा नव्हता, चाक नव्हतं आणि सुतारकामही नव्हतं. शब्दकोशातला अर्थ आणि पाळण्यातला अर्थ यांत एवढं अंतर कसं पडलं, ते पाहण्यासारखं आहे.

आधी शब्द पाहू. जर्मन भाषेत 'वागेन' म्हणजे गाडी. त्याला करणाऱ्याचा प्रत्यय लागून 'वागेनेर' झालं आणि बोलताना ते आखडून 'वाग्नर' उरलं. कुंभकारचा कुंभार, सुवर्णकारचा सोनार, लोहकारचा लोहार झाला तसंच हे. या 'वागेन'चं आपल्या 'वाहन'शी खरंखुरं रक्ताचं नातं आहे. संस्कृत 'वह्' आणि जर्मन 'वागेन' एकाच आद्य मुळातून फुटलेले शब्द आहेत. आपल्याकडे 'ह' तिथे त्यांच्याकडे 'ग' कसा, असं वाटेल, पण हा फरक योगायोगाचा नाही, ठरलेल्या नियमाचा आहे. आपला हंस त्यांच्याकडे 'गान्स' होतो. (त्यांच्या गान्सचा अर्थ मात्र साधं बदक-कुळातलं पाळीव पाखरू, नीरक्षीरविवेकाशी त्याचा संबंध नाही.) चाकणच्या कारखान्यामुळे आपल्या तोंडी बसलेल्या फोक्सवॅगनमधला 'वॅगन'ही हाच, लोकांची गाडी या अर्थाने. म्हणजे वाग्नरचा अर्थ मराठीत सांगायचा तर 'वाहन घडवणारा' म्हणता येईल, आणि मूळ धातूही तोच राहील.

हा कारागीर नेमकं काय करायचा? मध्ययुगीन जर्मनीत शेतमाल, लाकूड, दारूची पिंपं, मीठ, सगळं गाड्यावरून जायचं. गाड्याचं चाक बनवणं हे सुतारकामातलं अवघड काम. मधला तुंबा एका जातीच्या लाकडाचा, आरे दुसऱ्या, बाहेरचा घेर तिसऱ्या. तुंब्याला भेगा पडता कामा नयेत म्हणून बहुतेकदा एल्म या झाडाचं लाकूड, आऱ्यांना ताकद हवी म्हणून ओक. लाकूड वर्षानुवर्षं वाळवावं लागे. नंतर लोहार तापवून फुगवलेली लोखंडी धाव चाकावर चढवायचा आणि पाणी ओतून ती आवळायचा. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना वाफेचा तो आवाज आणि जळक्या लाकडाचा वास आठवेल. फरक एवढाच की आपल्या गावगाड्यात नांगर, तिफण, गाडी आणि घराचा दरवाजा अशी सगळी कामं एकाच सुताराकडे असायची, आणि तिकडे गाड्याचं काम हा वेगळा धंदा झाला.

धंद्यावरून आडनाव साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांत पडत गेलं. शहरं वाढली, एकाच गल्लीत दहा हान्स आणि दहा पेटर झाले, करवसुलीच्या वह्यांत कुणाचं काय भरायचं बाकी आहे हे ओळखायला दुसरं नाव लागलं. गिरणीवाला म्युलर, लोहार श्मिट, शिंपी श्नायडर, कोळी फिशर, विणकर वेबर, भट्टीवाला बेकर. यांतली बहुतेक आजही जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारी आडनावं आहेत आणि वाग्नर त्यांच्या पहिल्या दहांत बसतो. गाडे करणाऱ्याला सगळीकडे एकच नाव नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं. दक्षिणेत आणि मध्य भागात वाग्नर, उत्तरेत श्टेलमाखर, वायव्येकडे 'चाक करणारा' अशा अर्थाचा राडेमाखर. उत्तरेच्या बोलीत वाग्नरचा वेगेनर होतो. त्यामुळे एखाद्या घराचं आडनाव यांपैकी कुठलं आहे, यावरून त्यांचे पूर्वज जर्मनीच्या कुठल्या भागातले, याचा अंदाज अजूनही बांधता येतो. महाराष्ट्रात आडनावावरून गाव कळतं, तिकडे एकाच धंद्याच्या चार नावांवरून मुलूख कळतो.

इंग्रजीत याच धंद्याचं आडनाव वेनराइट किंवा कार्टराइट. गाडा बनवणारा नव्हे तर हाकणारा, म्हणजे गाडीवान, तो कार्टर. अमेरिकेत २०१० च्या दशकात मुलांच्या पहिल्या पन्नास नावांत कार्टर होतं. बनवणाऱ्याचं वेनराइट तिथे कुणी बाळाला ठेवताना फारसं दिसत नाही, वाग्नरही नाही. अर्थ म्हणून पाहिलं तर ही तिन्ही नावं एकाच अंगणातली. लोकांनी उचललं ते दोन सुटसुटीत अक्षरांचं, कानाला हलकं वाटणारं. लोक नावाचा अर्थ विचारतात खरे, पण निवड बहुतेकदा कान करतो, असं माझं मत आहे, आणि वाग्नरची गोष्ट त्याला बळ देते.

आता खुद्द जर्मनीत कुणी मुलाचं नाव वाग्नर का ठेवत नाही? रिवाज नाही हे तर आहेच, पण नोंदणी कार्यालयही मध्ये येतं. तिथे जन्म नोंदवताना अधिकारी नाव तपासतो, आणि जे नाव लोकांना आडनाव म्हणूनच माहीत आहे ते बाळाला देऊ नये, असा तिथला जुना दंडक आहे. कारण साधं आहे. उद्या वर्गात हजेरी घेताना नाव कुठलं आणि आडनाव कुठलं हे कळायला हवं, त्यापायी मुलाची ओढाताण होऊ नये. हा दंडक दगडावर कोरलेला मात्र नाही. २००५ मध्ये जर्मनीच्या संविधान न्यायालयाने एका मुलाच्या नावांत 'अँडरसन' ठेवायला परवानगी दिली. जगात इतरत्र ते पहिलं नाव म्हणून चालतं आणि आई-वडिलांचा नाव निवडण्याचा हक्क मुलाच्या हिताला धक्का लागत असेल तेव्हाच अडवता येतो, अशी त्यामागची भूमिका होती.

याच न्यायालयाचा २००८ चा एक निकाल मराठी वाचकांना अधिक जवळचा वाटेल. भारतीय मुळं असलेल्या एका कुटुंबाला मुलीचं नाव 'किरण' ठेवायचं होतं. नावावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही म्हणून नोंदणी नाकारली गेली. आपल्याकडे किरण दादाही असतो आणि किरण ताईही, त्यात कुणाला काही वाटत नाही. न्यायालयाने किरण मान्य केलं. नावावरून लिंग ओळखू आलंच पाहिजे ही सक्ती त्यानंतर सैल झाली. म्युनिकमध्ये किंवा फ्रँकफुर्टमध्ये राहणाऱ्या मराठी आई-वडिलांना आज अशी नावं कमी त्रासात नोंदवता येतात, त्यामागे एका छोट्या किरणचा खटला आहे.

ब्राझीलची तऱ्हा अगदी उलटी. तिथे १८८९ मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि त्याच सुमारास जन्मनोंदणी चर्चच्या हातून सरकारी नोंदवहीत आली. बाप्तिस्म्याच्या वेळी संताच्या नावाचा आग्रह धरणारा पाद्री मधून बाजूला झाला. नव्या प्रजासत्ताकातल्या सुशिक्षितांवर ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताचा मोठा पगडा होता. ब्राझीलच्या ध्वजावर आजही 'सुव्यवस्था आणि प्रगती' असं लिहिलेलं आहे, ते त्याच्याच वचनावरून घेतलेलं. कोंतने संतांच्या जागी थोर माणसांचं एक पंचांगच तयार केलं होतं. त्यात तेरा महिने, आणि एका महिन्याचं नाव गुटेनबर्ग. त्या काळच्या वातावरणाचा अंदाज यावरून येतो. संताऐवजी शास्त्रज्ञ, सेनापती, संगीतकार. आणि थोर माणूस जगात ओळखला जातो तो आडनावाने. मग बाळाला तेच द्यायचं.

म्हणून ब्राझीलमध्ये वॉशिंग्टन, वेलिंग्टन, नेल्सन, मिल्टन, मोझार्ट ही सगळी पहिली नावं आहेत. पेलेचं खरं नाव एदसन, ते थॉमस एडिसनवरून. पोर्तुगालकडून खेळलेला फुटबॉलपटू पेपे जन्मला ब्राझीलच्या मासेयोमध्ये आणि त्याचं खरं नाव केप्लेर लावेरान. ग्रहांच्या कक्षा सांगणारा जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलर आणि मलेरियाचा परजीवी शोधणारा फ्रेंच डॉक्टर लावेरान, दोघांची आडनावं एका पोराला. शेजारच्या उरुग्वेतही हेच. १९५० च्या विश्वचषकाच्या शेवटच्या सामन्यात ब्राझीलला रिओच्या माराकाना मैदानावर रडवणाऱ्या संघात शुबर्ट गांबेत्ता नावाचा खेळाडू होता. शुबर्ट म्हणजे मुळात जोडे शिवणारा. सुरुवातीला आलेला क्लेबेरही याच रांगेतला. ते स्ट्रासबुर्गमध्ये जन्मलेल्या फ्रेंच सेनापती क्लेबरचं आडनाव, मुळात भिंतीला माती लिंपणाऱ्याचं.

वाग्नरला ब्राझीलमध्ये आणखी एक खास वाट होती. संगीतकार रिचर्ड वाग्नर, जन्म १८१३ लाइपझिग, मृत्यू १८८३ व्हेनिस. १८५७ मध्ये तो कर्जात आणि परागंदा असताना ब्राझीलच्या सम्राटाला आपल्या संगीताची ओढ आहे असा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचला आणि आपला नवा ऑपेरा रिओत करायचा विचार काही काळ त्याच्या मनात घोळला. ते घडलं नाही. पण १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या नाट्यगृहाचा पहिला उत्सव झाला तेव्हा प्रेक्षकांत सम्राट दुसरा पेद्रो स्वतः होता. लांबचा प्रवास करून आलेला. वाग्नर हे नाव ब्राझीलच्या उच्चभ्रू घरांत कधी आणि कशा दर्जाने शिरलं, हे यावरून कळतं.

एक गैरसमज मात्र होऊ शकतो. दक्षिण ब्राझीलमध्ये जर्मन लोक १८२४ पासून येऊन वसले, साओ लेओपोल्दोपासून सुरुवात झाली. साहजिकच वाटतं की वाग्नेर हे नाव त्यांच्याकडून आलं असेल. पण जर्मन वंशाच्या घरांत वाग्नर आडनाव म्हणूनच राहिलं. पहिलं नाव म्हणून ते वाढलं ते सगळ्या देशभर, पोर्तुगीज, आफ्रिकी, आदिवासी मुळांच्या, ज्यांचा जर्मनीशी काहीही संबंध नाही अशा घरांत. बाहिया राज्याने याचं नेमकं उदाहरण दिलं आहे. अभिनेते वाग्नेर मौरा तिथले, नाव वाग्नेर. आणि तिथेच २००७ पासून दोन वेळा गव्हर्नर राहिलेले झाकेस वाग्नेर, ज्यू स्थलांतरित कुटुंबातले, त्यांचं आडनाव वाग्नेर. एका राज्यात एकच शब्द दोन जागी बसलेला.

थोरामोठ्यांच्या घरातून नाव खाली उतरलं की पुढे संगीतकार विसरला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी वाग्नेर ठेवलं त्यांतल्या बहुतेकांनी त्याचा एकही ऑपेरा ऐकला नसणार. शेजारच्या डॉक्टरच्या मुलाचं नाव वाग्नेर आहे, छान वाटतं, आपल्या मोठ्याचं नाव वेलिंग्टन आहे तर धाकट्यालाही त्याच अक्षराचं हवं, एवढं पुरतं. हे जे अक्षर आहे, इंग्रजीत ज्याला आपण डबल्यू म्हणतो, ते पोर्तुगीज भाषेत मूळचं नाही. १९४३ च्या लेखननियमांत ते वर्णमालेबाहेर ठेवलं होतं, परक्या नावांपुरतीच सूट होती, आणि २००९ पासून ते पुन्हा अधिकृतपणे आत घेतलं. त्यामुळे त्या अक्षराच्या नावाला एक परदेशी चमक असायची. ज्यांनी नियम पाळला त्यांनी साध्या 'व'ने लिहिलं आणि पहिल्या अक्षरावर जोर हवा म्हणून 'आ'वर चिन्ह दिलं, नाहीतर पोर्तुगीज वाचक 'र'ने संपणाऱ्या शब्दात शेवटावर जोर देतो. फुटबॉलपटू वाग्नेर लव्हचं नाव असंच लिहिलं जातं. बोलताना तर आणखी गंमत. 'ग्न' हे जोडाक्षर ब्राझिलियन जिभेला अवघड, ती मध्ये हळूच 'इ' घालते आणि वाग्नेरचा 'वागिनेर' होतो. स्कूलचं इस्कूल करणाऱ्या जिभेचंच हे भावंड.

ब्राझीलमध्ये १९७३ चा नोंदणी कायदा अधिकाऱ्याला नाव नाकारायचा अधिकार देतो, पण मुलाची चेष्टा होईल असं नाव असेल तेव्हा. ते आडनाव आहे का, परदेशी आहे का, हे तो विचारत नाही. जर्मनीच्या आणि ब्राझीलच्या नोंदवहीतला हा एवढाच फरक, पण त्याने एका शब्दाचं नशीब दोन देशांत वेगळं लिहिलं.

नावाला काळिमाही लागतो, आणि तोही जागेप्रमाणे. रिचर्ड वाग्नरने १८५० मध्ये ज्यूंविरुद्ध विखारी लेख लिहिला होता, पुढे हिटलरने त्याच्या संगीताला डोक्यावर घेतलं. म्हणून इस्रायलमध्ये त्याचं संगीत वाजवणं दशकानुदशकं टाळलं गेलं. २००१ मध्ये वाद्यवृंद-संचालक डॅनिएल बारेनबोइम यांनी जेरुसलेमला ते वाजवलं तेव्हा सभागृहात आणि बाहेर मोठा वाद झाला. त्यानंतरच्या काळात रशियाच्या भाडोत्री सैनिकांच्या टोळीने हेच नाव घेतलं आणि जगभरच्या बातम्यांत ते युद्धाशी जोडलं गेलं. साल्वादोरच्या रस्त्यावर मात्र आईने 'वाग्नेर' अशी हाक मारली तर यातलं काहीच ऐकू येत नाही, फक्त पोरगा धावत येतो.

आडनाव पहिल्या जागी येण्याचं सर्वांत मोठं उदाहरण गोव्यात आहे. फ्रान्सिस झेवियर मुळात फ्रान्सिस्को, झेवियर हे आजच्या स्पेनमधल्या नावाऱ्यातल्या त्याच्या घराण्याच्या गढीचं नाव. बास्क भाषेत त्याचा अर्थ 'नवं घर'. तो १५४२ मध्ये गोव्यात आला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर वारला, आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये त्याचं शव आहे. संतपद मिळाल्यावर गढीचं नाव बाप्तिस्म्याचं नाव झालं. वसईच्या नवघरमध्ये राहणारा एखादा झेवियर दोन वेळा 'नवं घर' असतो, एकदा बास्क भाषेत आणि एकदा मराठीत.

मराठी हिंदू घरांत मात्र आपण आडनाव बाळाला देत नाही. कौतुक आपण पहिल्या नावातून करतो. कवी रमेश तेंडुलकरांना संगीतकार सचिन देव बर्मन आवडायचे, त्यांनी मुलाचं नाव सचिन ठेवलं. तेच कुटुंब ब्राझीलमध्ये असतं तर पोराचं नाव कदाचित बर्मन झालं असतं. आपल्याकडे आडनावाला गाव चिकटलेलं, घराणं चिकटलेलं, पुष्कळदा जातही. ते दुसऱ्याच्या घरातून उचलून पाळण्यात घालता येत नाही. ब्राझीलमध्ये परक्या देशातून आलेल्या आडनावाला असलं काही चिकटलेलं नव्हतं, म्हणून ते मोकळं होतं. तमिळनाडूत १९५३ मध्ये जन्मलेल्या एम. के. स्टालिन यांना सोव्हिएत नेत्याचं आडनाव मिळालं, तेही याच मोकळेपणामुळे.

आता वाग्नेर ब्राझीलमध्ये बापाच्या, काकाच्या वयाचं नाव झालं आहे. आपल्याकडे संजय, सुनील, अनिल म्हटलं की जसं एका पिढीचं वय कळतं तसंच. नव्या बाळांसाठी तिथे मिगेल, एलेना अशी छोटी, मऊ नावं चालतात. आणि गेल्या काही वर्षांत त्या यादीत वरच्या जागेवर एक नाव सारखं दिसतंय, रवि. आपलंच, सूर्याचं. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'र' घशातून 'ह'सारखा निघतो, त्यामुळे रिओतली आजी नातवाला हाक मारते ती 'हावी' अशी.